पोट सुटलेली भिंत

९ नोव्हेंबर, ऊद मेथा, दुबई
खोर फक्कानच्या हॉलला जुनी इमारत म्हणून संरक्षण मिळेल, इन्शाल्ला. म्हणजे पाडणार नाहीत. छत म्हणजे माझी काँक्रीटची लाट, आत एकही खांब नाही. अर्जात तेच ठळक लिहायचं: खांबाविना. खाली आर्किटेक्ट म्हणून माझी सही. नात इरा म्हणाली, "आजोबा, यू आर फेमस!" तिचा पहिला नाच त्याच छताखाली झाला.
लोक मला एक्स्प्रेशनिस्ट म्हणतात. साइटवर काँक्रीटचे साचे ठोकणारा दामू सुतार माझ्या लाटेला म्हणायचा, पोटात कळ आलेला देवमासा. त्याची आठवण नको होती आज.

१२ नोव्हें.
साइटवर. अर्जाच्या तपासणीला नायर, चुणचुणीत इंजिनिअर पोरगी. पूर्वेची भिंत अजून जाडच दिसते. हॉल बांधताना या भिंतीपायीच दामूला हाकललं. महिनाभर त्याची भुणभुण, "साहेब, हितं एक खांब द्या." मी नाहीच म्हणालो, लाट मोडेल. मग बाबांच्या दिवसांना मुंबईला गेलो, तेवढ्यात त्याने भिंतीचं काँक्रीट ओतून घेतलं. येऊन बघतो तर भिंत वीतभर फुगलेली. सगळ्यांदेखत ओरडलो, "भिंतीला पोट सुटलंय! खलास, गावाला जा."
"मी जातो. तिला ऱ्हाऊ द्या, साहेब." एवढंच बोलला.
वर्षाने तो वारल्याचं कळलं. मी पत्रसुद्धा टाकलं नाही.

१३ नोव्हें.
सकाळपासून टकटक. दामू बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघायचा, कलिंगड घेताना बघतात तशी. बाथरूममध्ये तीच, लिफ्टमध्ये तीच. सूनबाई म्हणाली, "बाबा, एसीचा पाइप असेल." असेल.

१६ नोव्हें.
मीना बाजारात सदरा शिवायला टाकला. पुढे एक माणूस, दामूसारखीच कानावर पेन्सिल, डावा खांदा उतरलेला. अब्रा होड्यांच्या धक्क्यापर्यंत त्याच्या मागे गेलो. वळला. दुसराच कुणी. "क्या हुआ, अंकल?" तसाच घरी परतलो.

१९ नोव्हें.
नायरचा फोन. "सर, ईस्ट वॉल के अंदर कॉलम है. ऊपर से नीचे तक. ड्रॉइंग में क्यों नहीं है?" मी जुनं ड्रॉइंग उघडलं. "वो नहीं होता तो ये रूफ कब का बैठ जाता, सर."
माझी लाट मोडू नये म्हणून दामूने खांब भिंतीत लपवला. आणि मी त्याच्या पोटावर पाय दिला. इरा पाच वर्षांची होती, त्या छताखाली नाचताना. लाज वाटते. भीतीही.

२१ नोव्हें.
नायरचं सगळं हॉलच्या मालकांना सांगितलं. ते हसले. "हबीबी, राइट नो कॉलम. यल्ला, साइन." खांब लिहिला तर वेगळेपण संपलं, अर्ज फेटाळला जाईल आणि हॉल पाडतील. तेही खरंच आहे. दामूचा खांबही मग ढिगाऱ्यातच जाणार.

२३ नोव्हें.
जुन्या मुकादमाकडून नंबर मिळवला. दामूच्या मुलीने उचलला.
"मी दुबईहून. तुझ्या वडिलांचा साहेब."
ती म्हणाली, "आई सांगायची, बाबा शेवटपर्यंत विचारत होते, भिंत उभी आहे ना म्हणून."
उभी आहे, म्हणालो. खांबाचं सांगितलं नाही. परत फोन करतो म्हणून ठेवला.
अर्ज न्यायला उद्या अकराला माणूस येतोय. 'खांबाविना' अजून खोडलेलं नाही, सहीही केलेली नाही. आज टकटक नाही. सकाळपासून कान लावून बसलोय.