गायची की गाते

१२ जानेवारी

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. बाबांनी परवा तुझी खोली झाडून घेतली. का, ते मी विचारलं नाही.

या वयात मी स्पॅनिश शिकतेय. हस खुशाल. ऑफिसला ती भाषा बोलणारी गिऱ्हाइकं मिळाली आणि साहेबांनी मलाच पुढे केलं. सध्या भूतकाळ चाललाय. नेहमीची सवय सांगताना आपण 'खायची', 'जायची' म्हणतो ना, तसाच त्यांचाही एक काळ आहे. 'कांतार' म्हणजे गाणं. शेवटचा 'आर' काढून 'आबा' लावायचं. कांताबा. ती गायची.

बाईंनी घरच्यांवर चार ओळी लिहायला सांगितल्या. मी लिहिलं, 'मला एक बहीण होती. भांडी घासताना ती गायची.' व्याकरणात एकही चूक नाही. बाईंनी ओळी वाचल्या आणि हळूच विचारलं, "कधी गेल्या?"

"चार वर्षं झाली," मी म्हणाले. मला वाटलं, तू बदली मागून गेलीस ते त्या विचारतायत.

शेजारी एक निवृत्त कंपाउंडरकाका बसतात, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लहान होती का तुमच्याहून?"

"सहा वर्षांनी," म्हटलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. 'अहो, जिवंत आहे ती,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण रडूच फुटलं, ते थांबेना. आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. तेव्हा तू जवळ होतीस.

नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात आपण एकमेकींना जे बोललो, त्यात कोण बरोबर होतं ते राहू दे आता.

काल वर्गात सगळं सांगून टाकलं. काका पोट धरून हसले. बाई म्हणाल्या, "मग वाक्यं दुरुस्त करा." पहिलं सोपं गेलं. 'तेंगो उना एर्माना', मला एक बहीण आहे. दुसऱ्यापाशी पेन अडलं. 'गायची'चं 'गाते' करायचं, पण ते मला ठाऊक कुठाय? बाईंना म्हटलं, "विचारून सांगते."

म्हणून रविवारी सकाळच्या बसने येतेय. बाबाही यायचं म्हणतायत. आम्ही यायला नको असेल, तर फोन करून तसं सांग. तेवढाच तुझा आवाज कानावर पडेल.

तुझी,
ताई