टीव्हीखालचा खण

प्रिय ताई,

अकरा वर्षांत मी तुला पाठवलेले सगळे निरोप एका पानावर मावतील, आणि आज एकदम एवढं जाडजूड पाकीट. घाबरू नकोस, बाबा आहेत. थोडं जेवतात, बोलतात त्याहूनही थोडं. तू फोनवर ‘तू कसा आहेस’ विचारतेस, ‘तुम्ही कसे आहात’ कधीच विचारत नाहीस, हे मला कळतं. म्हणून मीही आपणहून त्यांचं काही सांगत नाही. आज सांगतो.

त्यांची फुप्फुसं गेल्या वर्षापासून थकली आहेत. हॉलमध्ये टीव्हीच्या डाव्या बाजूला ऑक्सिजनचं मशीन आहे, त्याची लांब नळी नाकाला लावून ते घरभर फिरतात. घरभर म्हणजे खुर्ची, पलंग आणि न्हाणीघर. ज्या माणसाने छत्तीस वर्षं चौदा चाकी ट्रक चालवला, त्याला आता न्हाणीघरापर्यंत जायचं म्हटलं तरी मध्ये एकदा थांबावं लागतं. लायसन्स परत करायला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. खिडकीतल्या कारकुनाने न बघताच शिक्का मारला. त्यानंतर बाबा दिवसभर खिडकीशी बसून राहत. रस्त्यावरून गाडी गेली की तिच्या नुसत्या आवाजावरून म्हणत, ‘याचा क्लच गेलाय.’ दिवसभरातलं बोलणं ते तेवढंच.

एक दिवस आमच्या चष्म्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. मी मागे काचा घासत होतो. तो मालकांना सांगत होता, की रोज घरी टीव्हीवर ट्रक चालवतो, म्हणून डोळे चुरचुरतात. मी हातातली काच खाली ठेवली आणि बाहेर येऊन त्याला सगळं विचारून घेतलं. ट्रक चालवायचा एक गेम असतो. माल भरायचा, शेकडो मैल न्यायचा, उतरवायचा, बस. टीव्हीला कॉम्प्युटर जोडून तो खेळतात, आणि त्याच कॉम्प्युटरवर सिनेमेही बघता येतात. मी ठरवलं, हे बाबांसाठी करायचंच.

आणि मग सगळं अडलं ते कॉम्प्युटरच्या डब्याच्या मापावर. तुला हसू येईल, पण महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. स्वस्तात मिळतात ती कॅबिनेटं गुडघ्याएवढी उंच. ती टीव्हीशेजारी ठेवावीत तर तिथे ऑक्सिजनचं मशीन, उजवीकडे दार. दुसरीकडे जमिनीवर ठेवावीत तर बाबांची नळी त्यांत अडकणार, आणि ती एकदा ओढली गेली की काय होतं ते मी पाहिलंय. उरला टीव्हीखालचा खण. तो मी हातानेच मोजला : उंचीला एक वीत आणि चार बोटं, खोलीला हातभरही नाही. कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, ‘साहेब, यात जितकं लहान तितकं महाग. लोकांना वाटतं उलट असतं.’ अगदी बारक्या डब्याला मदरबोर्ड बारका लागतो, पॉवर सप्लाय वेगळा लागतो, आणि पुढे काही वाढवायचं म्हटलं तर आत बोट शिरायला जागा नसते. त्याने मला मधल्या मापाचा दाखवला. मी म्हटलं, बसत नाही. तो म्हणाला, खण बदला. मी म्हटलं, घरच तेवढं आहे.

त्यातून ऑक्सिजनवाल्या माणसाची ताकीद, की मशीनजवळ काहीही तापता कामा नये. आणि कॉम्प्युटर जितका लहान तितका तापतो. पंखे जोरात फिरवावेत तर मला स्वयंपाकघरात त्यांचा श्वास ऐकू येणार नाही. ताई, मी भाजी चिरताना सतत तो आवाज ऐकत असतो. शेवटी बुटाच्या खोक्याएवढा, दोन्ही अंगांना जाळी असलेला डबा घेतला. ग्राफिक्स कार्ड जुनं, एका पंख्याचं, आखूड. नव्याची ऐपत नव्हती. खणाची मागची फळी करवतीने कापून टाकली आणि ऑक्सिजनचं मशीन नळी पुरेल इतकं थोडं पलंगाकडे सरकवलं. जोडायला दोन रविवार गेले. बाबा खुर्चीत बसून माझ्या हातांवर बॅटरीचा उजेड धरत. अधूनमधून ते दम घ्यायला मागे टेकत, की उजेड सरके.

पहिल्या दिवशी मी जुन्या बाजारातून आणलेलं गेमचं स्टिअरिंग त्यांनी हातात धरलं आणि आधी आरसे लावून घेतले. स्क्रीनवरचे आरसे! मग मोठा ट्रेलर एका दमात मागे घेऊन गोदामाच्या दाराला असा लावला, की मी टाळ्याच वाजवल्या. ते म्हणाले, ‘यात काय एवढं.’ पण पुढचा तासभर ते एकदाही खोकले नाहीत. तेव्हापासून दुपारी मी जेवायला घरी आलो, की आम्ही अर्धा-पाऊण तास निघतो. ते चालवतात, मी शेजारच्या स्टुलावर क्लीनरसारखा. वेग कधी वाढवत नाहीत. समोरून कोणी आलं की दिवा बारीक करतात.

आणि ते बोलतात. हे मला माहीतच नव्हतं, ताई. समोरासमोर बसलं की गप्प असणारा हा माणूस रस्त्यावर नजर ठेवून बोलतो. तू लहान असताना केबिनमध्ये झोपायचा हट्ट करायचीस, ते सांगितलं. आईला हॉर्नचा आवाज आवडायचा नाही, म्हणून ते गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद करून चालत यायचे, ते सांगितलं. आई गेली त्याबद्दल मात्र कधी नाही. तो दिवस आपण तिघांनीही बांधून ठेवलाय. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा पोचले, सगळं उरकलं होतं, आणि तू दारातच चारचौघांत विचारलंस, ‘माल उतरला का?’ बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे बघून म्हणाले, ‘उतरला.’ त्यानंतर ही अकरा वर्षं तू त्यांच्याशी बोलली नाहीस.

गेल्या मंगळवारी आम्ही एका लांब, सरळ रस्त्याला लागलो होतो. बाबा एकदम म्हणाले, ‘त्या वेळी ऑफिसात निरोप कधी आला, ते मला माहीत होतं.’ माझ्या हातातला पेला तसाच राहिला. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी एकदा आरशात पाहिलं. म्हणाले, ‘दोघांपैकी एकावर ताई रागावणारच होती. मी तसाही घरात नसायचो. तुझं तसं नव्हतं.’ आणि वळण आलं म्हणून इंडिकेटर दिला.

आता लिहितो. आईला भरती केलं त्या सकाळी तू मला म्हणालीस, बाबांचा फोन लागत नाही, त्यांच्या ऑफिसात कळव. मी कळवलं नाही. निघण्यापूर्वी त्यांचं माझं भांडण झालं होतं. मी परीक्षेत नापास झालो होतो, तेव्हा आता चल माझ्याबरोबर गाडीवर, असं ते म्हणाले होते. मला ते नको होते तिथे. डॉक्टर म्हणत होते, सुधारेल. मला वाटलं, दोन दिवसांत आई घरी येईल, मग सांगू. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, ‘कळवलंस ना?’ तेव्हा तोंडातून निघून गेलं, ‘हो. माल उतरवून येतो म्हणाले.’ बाबांनी असं कधीच म्हटलं नव्हतं, ताई. ते वाक्य माझं आहे. आई त्याच संध्याकाळी गेली, आणि ऑफिसात फोन मी त्यानंतरच्या सकाळी केला. निरोप मिळाल्याबरोबर ते भरलेली गाडी वाटेत दुसऱ्याच्या हवाली करून निघाले होते. त्यापायी ट्रकच्या मालकाने त्यांना दोन महिने घरी बसवलं. तेही तुला कोणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात, आता महिन्यांची भाषा करू नका. कालपासून स्टिअरिंग दहा मिनिटांतच जड होतंय त्यांना. फोनवर सांगायला गेलो असतो तर तुझा आवाज ऐकून पुन्हा खोटं बोललो असतो, म्हणून हे पत्र. बाबांनी तुला कळवायला मनाई केली आहे. गाडीवर गेलो नाही ते पहिलं; त्यांचं ऐकायचं नाही असं आयुष्यात आता दुसऱ्यांदा ठरवलंय. माझं तोंड बघायचं नसेल तर दुपारची जेवणाची वेळ सोडून दिवसा कधीही ये, मी दुकानात असतो. पण ये. ते तुला काही विचारणार नाहीत.

तुझाच,
बाळ्या