शिलाई मशीनवरचं स्टिअरिंग

अंबरनाथ पूर्व,
मार्च २००६

आदरणीय सोमादादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या विक्रांतचा, सप्रेम जय भीम. वहिनींना जय भीम, आणि सम्यकला आशीर्वाद (बारावीची परीक्षा संपेपर्यंत कॅरम कपाटावर ठेवा म्हणावं, आणि कपाटाजवळचं स्टूल तुम्ही तुमच्या खोलीत ठेवा). तुमची शुगर कशी आहे? मागे फोनवर नॉर्मल म्हणालात खरं, पण तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला आणि तुम्ही घाईघाईने विषय बदलला, तेव्हा पत्रात तरी खरं लिहा. इकडे आईचे गुडघे सोडले तर सगळे ठणठणीत आहोत. प्रीती नववीत पास होईल असं तिचं म्हणणं आहे. तुमची बहीण मजेत आहे. किती मजेत, ते पुढे येईलच.

तर दादा, मूळ मुद्दा. जानेवारीत तुम्ही फोन केलात, की नवी गाडी घेतली, जुनी पांढरी दारात उभी आहे, एजंट रोज चकरा मारतोय, पण चौदा एप्रिलच्या आत लायसन दाखवलंत तर तुम्हीच घेऊन जा. आणि हे बोलताना तुम्ही हसलात. सासुरवाडीच्या माणसांनी जावयाला हसावं यात नवीन काही नाही, पण ते हसू माझ्या कानात बसलं. तुम्हाला ठाऊक आहे, गुडघ्यांपायी आई दोन वर्षं जयंतीच्या मिरवणुकीला उतरलेली नाही. पांढरं पातळ नेसून सकाळपासून गॅलरीत उभी राहते, आणि मिरवणूक कोपऱ्यावरून वळली की आत येऊन घासलेलीच भांडी परत घासते. मला ते बघवत नाही. यंदा तिला आपल्या घरच्या गाडीत बसवून मिरवणुकीत न्यायचंच, असं मी ठरवलं आणि त्याच रात्री भर पंगतीत जाहीर करून टाकलं (पंगत म्हणजे आम्ही चौघं आणि समोरच्या वेणूबाई, पण वेणूबाईंना सांगितलं म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं).

मोटार ट्रेनिंगला नाव घातलं. लर्निंग लायसन काढायला गेलो तेव्हा तिथला मास्तर म्हणाला, वहिनींचं पण काढून टाका, रिक्षाचं भाडं तेवढंच पडेल. म्हटलं काढा. इथवर सगळं व्यवस्थित होतं. पण हा मास्तर म्हणजे मिशीही धड न फुटलेलं पोरगं, आणि गाडीत बसल्यापासून त्याचं एकच, "काका, क्लच! अहो काका, क्लच!" शिवमंदिराच्या रस्त्यावर दर्शनाला आलेली माणसं वळून बघायला लागली. दुसऱ्या दिवशी गाडी नेमकी बंद पडली ती आमच्या कंपनीच्या सेकंड शिफ्टच्या रिक्षांपुढे. दादा, मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. माझा हात फिरल्याशिवाय एक बोल्ट गेटबाहेर जात नाही. आणि तीच पोरं रिक्षातून मुंडी बाहेर काढून ओरडतायत, "शेजवळसाहेब, क्लच!" मी तिथेच उतरलो, दार आपटलं आणि चालत घरी आलो. तुमची यशोधरा म्हणाली की भरलेली फी परत मिळत नाही. पुढेही फीबद्दल काहीतरी बोलत होती. मी हं म्हटलं.

त्या संध्याकाळी प्रीती कॉम्प्युटरवर (जो आपण अभ्यासासाठी घेतला) गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होती, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, विमान चालवणारे आधी खोलीत बसून शिकतात, मग मी का नको? इथे मास्तर नाही, रिक्षा नाही, क्लच म्हणून बोंबलणारं कोणी नाही. फक्त बोटांनी बटणं दाबून गाडी शिकता येत नाही, त्याला स्टिअरिंग पाहिजे. असं स्टिअरिंग मिळतं, वायरने कॉम्प्युटरला लागतं, हे प्रीतीने सांगितलं. (नंतर ती म्हणाली, मी गमतीत सांगितलं होतं. या घरात गंमत आधी सांगून करत नाहीत, ही मोठी अडचण आहे.)

रविवारी उल्हासनगर, कॅम्प तीन. स्टिअरिंग पाहायला आम्ही चौघं गेलो, मुलगी पाहायला जातात तसे, कारण आईचा हात लागल्याशिवाय आमच्याकडे बादलीसुद्धा येत नाही. खूबचंद शेठच्या दुकानात पोचलो तर भारनियमन. शेठ पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. "आओ साईं, लाइट चार बजे आएगी, माल अभी देखो," म्हणाले आणि तीन खोकी पुढ्यात मांडली. पहिलं स्टिअरिंग थालीपिठाएवढं, खाली रबराच्या वाट्या, टेबलाला चिकटवायचं. गॅस आणि ब्रेक वरतीच बटणांना. आईने हातात घेऊन, हे बारशाला द्यायचं आहे का, असं विचारलं. दुसरं मध्यम, पिवळ्या पट्ट्याचं, टेबलाला शिकंज्याने आवळायचं, आणि खाली पायाशी दोन पेडलं. तिसरं म्हणजे राजा! खरोखरीच्या गाडीएवढं, दोन-दोन फेरे फिरणारं, बाजूला गिअरचा दांडा, आणि गाडी आपटली की हातात थरथरतं म्हणे. त्याची किंमत ऐकल्यावर थरथर आम्हाला तिथेच सुटली, आणि आईने ते हलकेच खाली ठेवलं.

आता लाइट नाही तर पारख कशी करायची? मी स्टुलावर बसलो, मध्यम स्टिअरिंग मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि तोंडाने इंजिन चालू केलं. एक घाट उतरलो, दोन ट्रक मागे टाकले, हॉर्नही दिला. डोळे उघडले तर दुकानाच्या पायरीवर माणसं उभी. एक जण विचारत होता, "हा डेमो कितीपर्यंत चालणार?" तुमची बहीण मात्र त्या गर्दीतही शांत. पर्समधून टेप काढून तिने शिकंज्याचं तोंड मोजलं आणि म्हणाली, आपल्या कॉम्प्युटरच्या टेबलाला हे बसणार नाही. मग स्टिअरिंग वळवून सोडलं, ते परत सरळ येतंय का बघितलं. ते अर्ध्या फेऱ्यातच का अडतं, असं शेठना विचारलं. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, अहो, गाडीला पायाशी तीन असतात ना, इथे दोनच कसे? मी म्हटलं, नवशिक्याला एक कमीच बरा, मशीनच्या धंद्यात मी आहे का तू? शेठनी तोपर्यंत पुठ्ठा खाली ठेवला होता. "देखो साईं, ये खेलने का आयटम है. गाडी सीखना है तो गाडी पे सीखो." धंदेवाला माणूस स्वतःच्या मालाबद्दल असं बोलतो म्हणजे याला तिसरं, महागाचं खपवायचंय, असा मी हिशोब केला आणि दुसरं घेतलं.

घरी आल्यावर पहिली अडचण, ते टेबलाला बसेना (टेप मुद्दाम समोर ठेवलेली होती). शेवटी कीबोर्डची जी सरकती फळी असते तिला आवळलं. पहिल्याच वळणाला फळी, कीबोर्ड आणि स्टिअरिंग असा सगळा संसार माझ्या मांडीवर आला. टीपॉयला लावलं तर गुडघे कानाशी. मग नजर गेली तुमच्या बहिणीच्या शिलाई मशीनवर. काय सांगू दादा, फळीची जाडी शिकंज्याच्या अगदी मापाची! खाली पेडलं ठेवायला जागा नव्हती म्हणून ती मशीनच्या लोखंडी पायडलवरच ठेवली, प्रीतीकडून मॉनिटर समोर ओढून घेतला आणि शर्यत सुरू केली. गॅस दाबला, गाडी पळाली. ब्रेक दाबला, पायडल हललं. गॅस, ब्रेक, गॅस, ब्रेक, शेजारी काहीतरी खडखडतंय, मला वाटलं गेममधलाच आवाज, काय हुबेहूब केलाय बघा! मी दुसरा नंबर आलो. आणि मशीनमध्ये सुईखाली लावून ठेवलेल्या वेणूबाईंच्या ब्लाऊजची डावी बाही या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून बंद झाली. त्यांच्या भाचीचं लग्न दुसऱ्याच दिवशी. यशोधरेने कपाळावर हात मारला, मग मशीनचा पट्टा चाकावरून उतरवून दिला आणि म्हणाली, आता चालवा. ती बाही उसवत बसली. मी शर्यतीत.

पुढचे आठवडे माझे असे गेले की विचारू नका. शिफ्टवरून आलो की चहा, आणि चहा संपायच्या आत स्टिअरिंग. काय रस्ते त्या गेममध्ये, दादा! खड्डा नाही, गाय नाही, गतिरोधक नाही, आणि आपटलात तरी गाडी पुन्हा आपली रस्त्यावर उभी. आई शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि वळण आलं की माझी बाही धरायची. रस्त्यावर एकही माणूस नाही, मग पत्ता चुकला तर विचारायचं कोणाला, ही तिची काळजी. एकदा तिने स्वतः चालवायला घेतली, आणि मागून शर्यतीच्या गाड्या आलेल्या बघून आपली बाजूला लावली. जाऊ दे बिचाऱ्यांना, घाई असेल, म्हणाली. मला मात्र वरचेवर पहिला नंबर. टेस्टच्या आदल्या दिवशी मी कंपनीत पेढे कोणत्या दुकानातून आणायचे तेही ठरवून ठेवलं होतं.

टेस्टच्या दिवशी आरटीओच्या मैदानावर यशोधरा सोबत आली. मला वाटलं, डबा घेऊन आली, धीर द्यायला. माझं नाव पुकारलं. मी रुबाबात गेलो, दार उघडलं, आत बसलो, आरसा नीट केला. साहेब खिडकीपाशी वाकून म्हणाले, "शेजवळ, मी चालवू का?" मी डावीकडे बसलो होतो. गेममधल्या गाड्या सगळ्या परदेशी, तिथे चालवणारा डावीकडेच बसतो! बरं, उजवीकडे आलो. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली, कारण माझा डावा पाय महिनाभर सुटीवर होता. तिसऱ्यांदा कशीबशी निघाली. पुढे पिंप, वळायचं होतं. मी स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवलं आणि थांबलो, कारण आमचं तेवढ्यातच अडतं. गाडी काही वळेना. पिंप आडवं झालं. यानंतर मी जे केलं ते साहेबांनी मैदानावरच्या सगळ्यांना बोलावून सांगितलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिलो. साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आता ती आपोआप उचलून रस्त्यावर ठेवतात.

उतरलो. तोंड लपवायला जागा शोधत होतो, तेवढ्यात पुकारा झाला, यशोधरा विक्रांत शेजवळ. मला वाटलं, पिंपाची भरपाई मागायला बोलावतायत. तर तुमच्या बहिणीने डबा माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि गाडीत जाऊन बसली. उजवीकडे! आठाचा आकडा असा सुरेख काढला, नंतर रिव्हर्स, एका पिंपालाही धक्का नाही. मास्तर, तेच ते पोरगं, कडेला उभं राहून वहिनी, वहिनी करत नाचत होतं. भरलेली फी फुकट कशाला घालवायची म्हणून माझे उरलेले सगळे दिवस ती सकाळी जाऊन शिकत होती, दादा. मला न सांगता नाही हं. तीनदा सांगितलं म्हणे, तीनही वेळा मी हं म्हणालो, आणि एकदा तर शर्यत चालू असताना, "जा की, जाताना दार ओढून घे" असंही म्हणालो. आधी मला राग आला, खोटं कशाला लिहू. पण ती गाडीतून उतरली आणि सगळं मैदान सोडून आधी माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा टाळ्या पहिल्यांदा मीच वाजवल्या. डबा काखेत धरून वाजवल्या, आमटी सांडली, तरी वाजवल्या. एवढा आनंद मला स्वतः पास होऊनही झाला नसता.

वहिनींनी लोणच्याची बरणी पाठवली ती पोचली, छान मुरलंय. थोरामोठ्यांना जय भीम, लहानांना गोड पापा. पत्र लांबलं, रागवू नये.

तुमचा,
विक्रांत

ता. क. तुमची अट लायसन दाखवा अशी होती. कोणाचं, हे तुम्ही बोलला नव्हतात. सोबत झेरॉक्स जोडली आहे, बघून घ्या. फोटोत ती हसतेय, साहेबांनी दोनदा सांगूनही तिने तोंड मिटलं नाही. एजंटाला आता काय ते कळवून टाका.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र यासाठी. गाडी घेऊन तुम्ही आणि वहिनी याल तेव्हा सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी असेल, वेणूबाई सर्वांत पुढे. तेव्हा चावी तेवढी माझ्या हातात द्या. मी लगेच तिच्या हातात देईन, शब्द देतो. एक मिनिट फक्त.

ता. क. ३. आईला आत्ताच हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, चावी कोणाच्याही हातात द्या, पुढच्या सीटवर ती बसणार. नवं पांढरं पातळही काढून ठेवलंय. म्हणजे मी मागे. चालेल, दादा. काच खाली करून निळा झेंडा धरायला मागचीच सीट बरी, आणि त्याची टेस्ट नसते.