सही केलेला दाखला

साउथहॅम्प्टन,
१६ नोव्हेंबर १९९३

प्रिय सुलू,

लीड्सला थंडी वाढली असेल आणि तू स्वेटर घालत नसशीलच, ते असो. पेशंटची गोष्ट घरी बोलायची नाही, हा नियम मी इतकी वर्षं पाळला. आज मोडते आहे, कारण पेशंट आपले स्टॅन आजोबा आहेत आणि मी त्यांच्या बाबतीत चुकले आहे.

शेजारच्या त्या म्हाताऱ्याला आजोबा म्हणायला तुला कुणी शिकवलं नव्हतं. पुण्याहून आलो तेव्हा तू सहा वर्षांची. मी दवाखान्यात, बाबा हॉस्पिटलमध्ये. शाळेतून तुला आणायला दुसरं होतं कोण? गल्लीतले बाकीचे आपली नावं घ्यायचं टाळायचे. स्टॅन मात्र दुसऱ्याच दिवशी ‘सुलक्षणा’ असं पूर्ण म्हणाले. मी वेडी तेवढ्यावरच विरघळले.

उन्हाळ्यात त्यांच्याकडे लंडनहून पोलीस आले. नव्या कायद्यामुळे महायुद्धातल्या गुन्ह्यांचे खटले आता इथेही चालतात. १९४२ साली बेलारूसमधल्या एका गावात जर्मनांनी आणि त्यांच्या हाताखालच्या गावच्या पोलिसांनी ज्यूंची सबंध वस्ती वीटभट्टीमागे नेऊन गोळ्या घातल्या. आठशे माणसं, तान्ह्या बाळांसकट. युद्धानंतर इथे येण्याआधी स्टॅन त्या पोलिसांत होते, असा आरोप आहे. ते म्हणाले, मला काहीच आठवत नाही. त्यांच्या वकिलाने माझ्याकडे दाखला मागितला की त्यांची स्मृती गेली आहे, खटला चालवता येणार नाही. तपासताना त्यांनी साल चुकवलं, आपल्याच गल्लीचं नाव चुकवलं. मला शंका आली, तरी मी सही केली. तुझा हात धरून सात वर्षं रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या आठवड्यात पोलिसांनी मला साक्षीदार बाईंचा जबाब वाचायला दिला. रिव्का त्यांचं नाव, शिवणकाम करायच्या, तुझ्याच लीड्समध्ये राहतात. तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. मेलेल्या आईखाली निपचित पडून राहिल्या म्हणून वाचल्या. त्या सांगतात, कुणाच्या घरात किती माणसं हे जर्मनांना ठाऊक नव्हतं. स्टॅनला होतं, कारण तो शेजारी होता. माळ्यावर लपलेल्या मुलांना त्याने एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या. ओळखीचा आवाज ऐकून मुलं खाली आली. त्यात रिव्काबाईंचे दोन धाकटे भाऊ होते. सुलू, ते मी दोनदा वाचलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दाखला मी मागे घेणार आहे. पण माझं मन बदललं एवढ्याने कोर्टाचं समाधान होणार नाही. रविवारी फोनवर तू हसत हसत सांगितलंस की आजोबांचं चार पानी पत्र आलं, शाळेतल्या तुझ्या सगळ्या मैत्रिणींची नावं त्यात आहेत, तुझा पहिला दात कुठल्या दिवशी पडला तेही आहे. मी तिथेच फोन बाबांकडे दिला. ते पत्र आजोबांनी मायेने लिहिलं आहे आणि ती माया खरी आहे, हे मला कळतं. तेच सोसवत नाही. तू माझ्यावर रागावशील, रडशील; रड. पण ते पत्र फाडू नकोस. मला पाठव.

तुझीच,
आई