एका ओरखड्याची तीन गिऱ्हाइकं

नाना, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज भरदुपारी मी तुमच्याशी बोलायला बसलोय. विसरवाडीच्या फाट्यावरचं तुमचं डेंटिंगचं शेड आता नाही. मी नंदुरबारात गाड्या भाड्याने देतो, ड्रायव्हरशिवाय. तुमची एक रीत होती. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर पुट्टी लावण्याआधी तुम्ही मालकाला हाक मारायचात, उघडं लोखंड दाखवायचात, मगच पुढचं काम. कॉलेज सोडून मी तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा एकदा तुम्ही जेवायला गेलेले असताना एका जीपच्या भेगेवर मी पुट्टी फासून मोकळा झालो. तुम्ही आलात आणि छिन्नी माझ्या हातात दिलीत. "पुट्टी लायी म्हणजे भेग भराई गई का? आते मालकले काय सांगशी?" मालक समोर उभा आहे आणि मी मान खाली घालून पुट्टी खरडतोय. त्या दिवसाचा राग मी फार वर्षं धरला, खोटं कशाला बोलू.

माझ्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या बंपरवर एक ओरखडा आहे. तो मी मुद्दाम दुरुस्त केला नाही. गाडी देताना तिच्यावर धूळ असते, तेव्हा काढलेल्या फोटोत ओरखडा दिसत नाही. परत आली की मी ती धुतो, ओरखड्यावर बोट ठेवतो आणि डिपॉझिट कापतो. दोघांनी निमूट सोडून दिलं. तिसरे शहाद्याचे एक मास्तर निघाले, ते परवा हटून बसले. "भाऊ, हाऊ ओरखडा पहिलेपासूनच व्हता. ते ऱ्हाऊ द्या. ब्रेक दाबा का पाय पार खाले जास, तुम्ही एकदाव वाकीसन देखा." मला वाटलं, पैसे वाचवायला मास्तर विषय बदलतायत. मी वाकलो नाही. उलट चार लोकांत त्यांना खोटं पाडलं.

आज सकाळी तीच गाडी एक कुटुंब घेऊन गेलं. नवरा-बायको, दोन मुली आणि एक म्हातारी, डोंगरातल्या काठी गावची रात्रभर चालणारी होळी बघायला. गाडी गेल्यावर अंगण झाडताना पुढचं डावं चाक होतं तिथे ओला डाग दिसला. बोट लावून वास घेतला. ब्रेक ऑइल. मास्तर खरं सांगत होते, नाना. तरी मी आधी त्या डागावर माती ओढली आणि मग बऱ्याच वेळाने फोन लावला.

"बोला भाऊ," तो माणूस खुशीत होता. "आम्ही आते मोलगीना घाट चढी ऱ्हायनूत. गाडी मस्त शे." मागे मुली काहीतरी गात होत्या. गाडी थांबवा, एवढंच म्हणायचं होतं. पण का, असं त्याने विचारलं असतं. मग मास्तर खरे ठरले असते, आणि आधीचे दोघेही डिपॉझिट परत मागायला दारात आले असते. मी म्हणालो, "काही नाही, सावकाश जा." तेव्हापासून फोन लागत नाही.

चढताना ब्रेकचं फारसं काम नसतं. ते उद्या सकाळी उतरतील.

डोंगरात रेंज नाही हे खरं आहे, नाना. पण मोटरसायकल दारात उभी आहे, टाकी भरलेली आहे, काठीचा रस्ता मला पाठ आहे, आणि मी तासाभरापासून जे कुठेच टाकता येणार नाही असं पत्र लिहीत बसलोय.