आईच्या पायातलं सिमेंट

यवतमाळ,
१० नोव्हेंबर २००६

संघर्षदादा,

सप्रेम जय भीम. तिकडं तू बरा असशील. आम्ही सारे ठीक. यंदा कापसाले भाव नाही, म्हणून आपल्या नेरमध्ये कोणी घराची एक वीटही रचून नाही राह्यलं. बाबाची थापी खुंटीलेच टांगलेली आहे, दिवसभर घरीच असतात. शेजारच्या विमलताईनं तुह्यासाठी मुगवड्या ठेवल्या.

वर यवतमाळ वाचून दचकला असशील. ठीक काहीच नाही, दादा. आईले घेऊन इथं दवाखान्यात आहो.

मागं लिहिलं होतं ना, आईच्या खुब्यात बसवलेल्या गोळ्यापाशी पू झाला म्हणून तो काढला. डॉक्टरसाहेबांनी त्या जागी काही महिन्यांपुरता दुसरा गोळा ठेवला, सिमेंटमध्ये औषध कालवलेला. घरी सोडताना बजावून सांगतलं, "औषध भरपूर घातलंय, ते पाझरून पू मारेल. पण तेवढंच सिमेंट कच्चं झालं. औषध कमी घातलं असतं तर गोळा मजबूत, पण रोग तसाच राहिला असता. पायावर भार अजिबात देऊ नका."

आता सिमेंटची गोष्ट, अन् बाबा कोणाचं ऐकतात! जन्म गेला गवंडीकामात. म्हने, "सिमेंट कायचंबी असो. पाणी मारलं, दिवस भरले, का दगड होते." मी हासली. मले काय माहीत! मी अंगणवाडीत कामाले गेली का बाबा आईच्या मांडीवर ओलं फडकं ठेवत. नव्या स्लॅबवर ओलं पोतं टाकतात ना, तसं. वाळलं का पुन्हा भिजवत. आई म्हने, "माय वो, मी काय छत हाव?" पण ठेवू द्यायची. इतकी सेवा बाबानं कधी केली होती तिची? तिले बरं वाटत असन.

मंगळवारी घरी आली तं आई मोरीपाशी पडलेली. तोंड पांढरंफटक. म्हने, "घसरली वो." मोरी कोरडी ठणठणीत होती. मी गाडी बोलावून तिले इथं आणलं.

इथं फोटो काढला. गोळ्याचे दोन तुकडे! डॉक्टर चिडले, तर आई म्हनते, "मीच उठली साहेब, यांचा दोष नाही." अन् बाबा तिथंच फरशीवर बसले. साऱ्या लोकांसमोर बोलले, "म्या उभं केलं तिले. म्हटलं पक्कं झालं, आता चाल."

दादा, माह्या कानावर माहा भरोसा बसेना. बाबानं कधी चुकलं म्हटलं का? ओरडले असते तं बरं वाटलं असतं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा ऑपरेशन आहे. पू गेला नाही, म्हणून पुन्हा तसंच कच्चं सिमेंट भरणार. या खेपेलेही मोडलं तर पाय वाचन का, डॉक्टर सांगत नाहीत. तिले उचलून बसवावं लागते, कूस बदलवावी लागते. माह्या एकटीनं होत नाही. बाबा तं हातच लावत नाहीत, दाराशी उभे राह्यतात.

काल म्हने, "संघर्षले लिही." मी म्हटलं, काय लिहू? दादा, तुले तं आठवतेच. तू रचलेली भिंत पाडून साऱ्या वस्तीसमोर म्हनले होते, "याच्या हातात जोर नाही." तेवढ्यावर तू घर सोडलं. काल रडत रडत तेच बोलले. "लिही, ये म्हनाव. माह्या हातात जोर लय आहे, त्या जोरानंच मोडलं. तिले उचलाले संघर्षचाच हात पाह्यजे. त्याच्या हातात जोर नाही."

मी त्यातलं एक अक्षर बदललं नाही.

बुधवारी बाबा इथल्या स्टँडवर उभे राह्यतील. तू नाही आला तं काय, हे मी इचारलं नाही त्यांना. आई तुह्या वाटेकडं पाहून राह्यली.

तुही,
साधना