चोरपेला

ता. ६ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. जे झालंय ते मलाच, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू समोरच्याचं प्रत्येक वाक्य मोठ्यांदा परत म्हणतेस आणि तुमच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांना माझी प्रकृती कळते. म्हणून हा कागद.

भिंगरीचं आमंत्रण आलंय. त्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात तीन वर्षं राबून आपल्या पोरीने स्वतःच्या हाताने पहिली वाइन केलीये. मालकाने एक अख्खं पिंप तिच्या हवाली केलं होतं. बाटल्या भरायच्या आधी बाबांनी येऊन ती चाखावी आणि खरं काय ते सांगावं, असं तिने लिहिलंय. 'खरं' या शब्दाखाली दोन रेघा आहेत. तुला आठवत असेल, आमच्या चहाच्या कंपनीत मी तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, आणि ती निघाली तेव्हा आंबलेल्या रसात जन्म घालवणार का म्हणून मी तिला नको नको ते बोललो होतो. त्यानंतर तिने माझ्याकडे हे पहिल्यांदाच काही मागितलंय.

आणि अक्का, मला वासच येत नाही. मागच्या उन्हाळ्यात तो ताप येऊन गेला तेव्हापासून नाक नुसतं शोभेला आहे. परवा दूध करपून कोळसा झालं, धूर खिडकीबाहेर गेला, शेजारी दार ठोठावत आला, आणि मी चार पावलांवर बसून शब्दकोडं सोडवत होतो. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणार नाही. एवढं तर मीही सांगितलं असतं.

चौतीस वर्षं टी-टेस्टर म्हणून रोज दोन-दोनशे कप चाखले. मी हो म्हटलं की माल उचलला जायचा, नाही म्हटलं की पडून राहायचा. पोरीला बापाचा तो शब्द हवाय, आणि माझ्याकडे नेमका तोच राहिलेला नाही. तिला कळलं तर ती माझी कीव करेल, आणि ते मला सोसणार नाही.

तू जन्मभर ग्रंथपाल होतीस. वाइनच्या पुस्तकांतून वासांचे शब्द काढून दे, मी पाठ करतो. यातलं एक अक्षर भिंगरीला कळता कामा नये. तुला माझ्या गळ्याची शपथ.

लोभ आहेच, यापुढे जरा जास्त लागेल.
तुझा,
नाकोबा
(ही पदवी तूच दिली होतीस. हवी तर परत घे.)


ता. ११ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबा येतायत! होकाराच्या पत्रात त्यांनी गाडीची वेळ, तिथे थंडी किती, मोजे किती जोड आणू, सगळं लिहिलंय. आनंद झाला एवढंच लिहायचं राहिलंय.

माझा मालक म्हणतो, वाइन छान झालीये. पण तो त्याच्या कुत्र्यालाही छान म्हणतो, आणि तो कुत्रा त्याला दोनदा चावलाय. म्हणून मला बाबांचं मत हवंय. ते वाईट म्हणतील याची मला भीती नाही. लेक म्हणून गोड बोलतील याची आहे. म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणे.

तेव्हा मी त्यांचीच युक्ती त्यांच्यावर करणार आहे. त्यांच्या चाखायच्या खोलीत बारा पांढऱ्या कपांची रांग असायची, आणि शिकाऊ माणसाला जोखायचं असलं की ते त्यात एकच चहा दोनदा ठेवायचे. त्या दोन कपांबद्दल दोन वेगळी मतं दिली की गडी पकडला गेला. त्याला सगळे चोरकप म्हणायचे. आई गेल्यानंतर शनिवारी ते मला तिथे घेऊन जायचे आणि चोरकप कुठला ते हळूच कानात सांगायचे. मी पाच पेले मांडणार आहे. तीन दुसऱ्यांचे, आणि तिसरा नि पाचवा माझाच. दोन्हींबद्दल ते एकच बोलले, तर ते मन लावून चाखतायत. मग त्यांनी नापास केली तरी मी मान्य करेन आणि पिंप ओतून देईन. पण वेगवेगळं बोलले, तर समजेन की माझ्यासाठी त्यांनी जीभसुद्धा नीट लावली नाही.

हे फक्त तुला. गळ्याशप्पथ, बाबांना सांगायचं नाही.

तुझ्या मायेचं नेहमीचं गिऱ्हाईक,
भिंगरी


ता. १७ जानेवारी

चि. नाकोबास,
अ. उ. आ.

सोबत एकशे बारा कार्डं आहेत. अकारविल्हे लावलीत, क्रम बिघडवू नकोस. शब्द मी मनचे घातलेले नाहीत, चार पुस्तकांतून उतरवलेत. उंची वाइनला म्हणे ओल्या कुत्र्याचा, जुन्या खोगिराचा आणि पेन्सिलीला टोक केल्यावर पडणाऱ्या सालींचा वास येतो. आणि माणसं पदरमोड करून ती पितात. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत हे तिन्ही वास फुकट होते.

मीही येतेय. तुला एकट्याला सोडलं तर तू आपलं नाक कापून घेशील, आणि आहे त्याचाही उपयोग नाही. माझा थर्मास बरोबर असेल, परक्या ठिकाणचं पाणी मला बाधतं. चाखल्यावर थुंकतात असं पुस्तकात आहे. चारचौघांत पिचकाऱ्या मारणं तुझ्या धंद्यात चालत असेल. मी आजवर घोटभरही घेतलेली नाही, पण तोंडात घेतलं तर गिळणार. उगाच नाक मुरडू नकोस.

खरं सांगू? मला तर वाटतं, पोरीला सरळ सांगून टाकावंस. पण शपथ घातलीयेस, तेव्हा गप्प बसते.

वेडेपणासकट तुझ्यावर लोभ असणारी,
अक्का


ता. १७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

बापाला सापळा लावणं शोभत नाही. साधा एक पेला भर, समोर ठेव, आणि कसा आहे विचार. तो प्रवासाने दमलेला असेल, थंडी असेल, माणसाच्या जिभेचं काय सांगावं. पाच पेले म्हणजे फार झालं. चोरपेल्याचा नाद सोड, एवढं म्हातारीचं ऐक.

आणि दोघांनी मिळून मला शपथा घालायचं बंद करा. दोघांनी म्हणजे तू आणि तुझ्या मालकाने. तसं त्याने घातलेली नाही, पण घालेल एखादवेळी.

मी येतेय. गरम पाण्याची सोय बघून ठेव.

आहे तेवढी माया पाठवतेय, पुरवून वापर.
आत्या


ता. २२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

गरम पाणी आहे. सापळा राहणार. माझा मालक तुला कशाला शपथ घालेल? तुझी तब्येत बरी आहे ना?

काळजीत आणि लोभात,
भिंगरी


ता. ३० जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

'अ'पासून 'ज'पर्यंत कार्डं तोंडपाठ झाली. अंघोळ करताना म्हणतो, जिना चढताना म्हणतो. काल दुकानदाराने साबण कुठला हवा विचारलं तेव्हा तोंडातून अक्रोड, अननस निघालं. आता तो मला सुटे पैसे दोनदा मोजून देतो.

गंमत अशी की पाठ करता करता भीती कमी झाली आणि लाज वाढली. शिकाऊ पोरं पुस्तकातले शब्द फेकायची तेव्हा मी त्यांना रांगेतून बाहेर काढायचो. पण आता माघार घेतली तर पोरगी म्हणेल, बाप अजून रागावलेलाच आहे. तेव्हा निघायचंच. शनिवारी सकाळी सात वाजता स्टेशनवर घड्याळाखाली उभा राहीन.

तुझ्या आधारावर तरंगणारा,
नाकोबा


ता. १३ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

परतीच्या प्रवासात तू खिडकीकडे तोंड करून बसलीस, म्हणून विषय काढला नाही. तुला रविवारचं काही आठवत नसणार. तेव्हा तुझ्या पराक्रमाचं वर्णन लेखी देतो.

तळघरात दगडी भिंतीलगत पिंपं, मधे लांब टेबल, त्यावर माझ्यापुढे पाच पेले आणि तसेच पाच तुझ्यापुढे. एका बाजूला मालक आणि त्याचा कुत्रा, समोर वही घेऊन भिंगरी, माझ्या शेजारी तू, मांडीवर थर्मास. माझी सुरुवात झोकात झाली. पहिल्या पेल्याला मी अक्रोड आणि अननस म्हणालो. दुसऱ्याला ओला कुत्रा आणि ओली माती. मालकाचा चेहरा उतरला आणि कुत्र्याने मान वर केली. तिसऱ्याला कातडं आणि काळी मिरी, चौथ्याला गवत आणि गुलाब. मी प्रत्येक वेळी रीतीप्रमाणे बादलीत थुंकत होतो, आणि तू प्रत्येक पेला रिकामा करून खाली ठेवत होतीस. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

पाचवा पेला तोंडात घेतला आणि थबकलो. जिभेवर चेरी आणि जांभूळ तयार होते. पण तो तुरटपणा हिरड्यांना जसा धरत होता, तसाच तिसऱ्याने धरला होता. नाक गेलं तरी जीभ माझीच आहे, अक्का. मी तिसरा पेला पुन्हा उचलला, चाखायच्या खोलीत ओढायचो तसा मोठा आवाज करत घोट ओढला. एकच माल. माझाच चोरकप माझ्यापुढे ठेवलेला! आता चेरी म्हणावं तर पोरीशी खोटं, आणि दोन्ही एकच आहेत म्हणावं तर मघाचे सगळे शब्द खोटे.

नेमकी तेव्हा तू उठलीस. डोलत टेबलाला धरलंस आणि खणखणीत आवाजात जाहीर केलंस की या माणसाला आठ महिने करपलेल्या दुधाचासुद्धा वास येत नाही. ही कार्टी बापाला सापळा लावते. दोघांनी मला शपथा घातल्या आहेत, आणि दोघंही एकमेकांना घाबरून असतात. दोघांत मिळून एक माणूस धड नाही. एवढं बोलून तू थर्मास छातीशी धरलास, खुर्चीत बसलीस आणि घोरायला लागलीस. मालक कुत्र्याला घेऊन हळूच वर निघून गेला.

मग भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तिसरा आणि पाचवा एकच आहे, हे मला अक्काच्या भाषणाआधी कळलं होतं. तू विश्वास ठेव अगर ठेवू नकोस. आंबटपणा ताठ उभा आहे, तुरटपणा धरतो पण चावत नाही, शेवट मात्र घाईत होतो. बाटल्या भर, पण वर्षभर उघडू नकोस. माल चांगला आहे. हे जिभेचं मत. वासाचं मला कळत नाही, ते तू सांग.

तिने पेला नाकाशी नेला आणि सांगत गेली, आणि मी माझ्या जुन्या नोंदवहीत लिहीत गेलो. शेवटी म्हणाली, तळाशी एक वास आहे, तो तिला कितीतरी दिवस ओळखता येत नव्हता. मी संध्याकाळी कामावरून घरी आलो की माझ्या कोटाला यायचा, तो. मी रडलो. ती पण. नोंदीखाली परीक्षकाची सही लागते, तिथे मी तिला सही करायला लावली. चौतीस वर्षांत त्या रकान्यात माझ्याशिवाय कुणाची सही नाही.

शपथ मोडलीस, पण शुद्धीत नव्हतीस म्हणून माफ केलं. यापुढे मात्र वाइनला हात लावू नकोस. तुला झेपत नाही.

लोभ होता तसाच आहे, फक्त आता जरा जपून.
नाकोबा


ता. १८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

पिंप ओतलं नाही. काल बाटल्या भरल्या, दोनशे अठ्ठ्याण्णव. बाबांचा रोज फोन येतो. कुठलाही वास सांगायला लावतात, पावसाचा, मळ्यातल्या राखेचा, मालकाच्या कुत्र्याचा, आणि लिहून घेतात. तीन वर्षांत बोललो नसू तेवढं आम्ही या आठवड्यात बोललो.

बाबांचं बिंग चौथ्या पेल्यालाच फुटलं होतं. अ, ओ, क, ग. एवढ्या शिस्तीत वास फक्त एकाच घरात येतात, आणि त्या घरी सुट्टीत मी कार्डं लावायला शिकलेय. पण नाकच गेलंय हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, मन लावून चाखायचाही त्यांना कंटाळा आला. तू उठली नसतीस तर मी वही मिटून निघून गेले असते.

तू घोरत होतीस तेव्हा मी शाल पांघरायला वाकले होते. आत्या, तुझ्या तोंडाला खोकल्याच्या गोळीचा वास येत होता. वाइनचा कणभरही नाही. थर्मासला मात्र पाचही पेल्यांचा येत होता, त्यात माझा दुप्पट. शेजारी बसून बाबांना पत्ता लागला नाही, कारण त्यांना वास येत नाही. मला येतो.

बाबांना मी हे कधीच सांगणार नाही. शुद्धीतल्या बाईला शपथ मोडता येत नाही, हे मला कळतं. तुझ्या गळ्यातल्या दोन शपथा सुटल्या, आता ही एक माझ्या गळ्यात राहू दे.

तुझ्या लोभाला आता तारण म्हणून हे गुपित ठेवतेय.
भिंगरी

ता. क. थर्मास तीनदा धुऊन पार्सलने पाठवलाय. सोबत एक बाटली आहे. बाबा म्हणतात तशी वर्षभर उघडू नकोस. उघडशील तेव्हा मात्र या खेपेला खरंच गीळ.